मुहूर्त ज्याचा त्याचा

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. चुन्याची पांढरी रेघ, तिच्यावर टेकलेली पावले, पंचाच्या तोंडात शिट्टी किंवा हातात पिस्तूल, आणि इशारा होताच सुसाट सुटलेली मंडळी. शाळेच्या क्रीडांगणापासून ऑलिंपिकच्या मैदानापर्यंत हाच शिरस्ता. जो आधी पोहोचेल तो जिंकेल हे सांगायला पंचसुद्धा लागत नाही. पाच वर्षांचे पोरही ते सांगेल.

परंतु या जगात एक शर्यत अशी आहे की, तिच्यात कोणी शिट्टी वाजवीत नाही. रेघ आहे, पण ती आकाशात आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. 'रेघ आता उघडली' एवढे सांगून पंच स्वस्थ बसतात. मग निघायचे केव्हा, ते ज्याचे त्याने ठरवायचे. एकाला एक वाजता निघावेसे वाटले, तो निघाला. दुसऱ्याला वाटले, दोन वाजेपर्यंत थांबावे, तो थांबला. प्रत्येकाचे घड्याळ तो रेघ ओलांडील तेव्हापासून चालू. त्यामुळे जो सर्वांच्या आधी परत येतो तो पुष्कळदा हरतो, आणि त्याच्यामागून अर्ध्या तासाने येणाऱ्याच्या गळ्यात माळ पडते!

ही शर्यत ग्लायडरची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांची. मुहूर्त पाहण्याच्या बाबतीत आपला हात धरणारा कोणी नाही अशी आपली समजूत आहे. पण युरोप-अमेरिकेतले हे ग्लायडरवाले मुहूर्तासाठी जेवढा जीव टाकतात तेवढा आपल्याकडे वधूपिताही टाकीत नसेल.

घारीचे शास्त्र

ग्लायडर उडते कसे, हे आधी थोडक्यात पाहू. उन्हाळ्यातल्या दुपारी घार आकाशात पंख न हलवता घिरट्या घालीत वर वर जाताना आपण सर्वांनी पाहिली आहे. ऊन पडले की जमीन तापते. नांगरलेले शेत, खडकाळ माळ, गावातली छपरे अधिक तापतात. त्यांच्यावरची हवा गरम होऊन हलकी होते आणि स्तंभासारखी वर चढू लागते. या चढत्या हवेला वैमानिक 'थर्मल' म्हणतात. घार त्या स्तंभात शिरते आणि फुकटात वर जाते. ग्लायडरही नेमके तेच करते.

एखादे छोटे इंजिनाचे विमान दोराने ग्लायडरला सुमारे सहाशे मीटर उंचीवर ओढून नेते आणि सोडून देते. पुढे त्याचे नशीब आणि वैमानिकाची अक्कल. थर्मल सापडला तर त्यात घिरट्या घालून उंची मिळवायची, मग ती उंची खर्च करीत सरळ रेषेत पुढच्या थर्मलपर्यंत जायचे. आजचे चांगले शर्यतीचे ग्लायडर शांत हवेत एक किलोमीटर उंचीच्या भांडवलावर पन्नास किलोमीटर तरी जाते. महिन्याच्या पगाराप्रमाणे ही उंची पुरवून पुरवून वापरावी लागते, आणि पुढचा पगार नक्की कधी हे कोणी सांगत नाही! थर्मल सापडलाच नाही तर वाटेतल्या एखाद्या शेतात उतरायचे आणि सोबत्यांना मोटार-गाडा घेऊन बोलवायचे. हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. पुण्याजवळ हडपसरच्या मैदानावरून उडालेली ग्लायडरे अनेक पुणेकरांनी मान वर करून पाहिली असतील.

या खेळाच्या स्पर्धांना सुरुवात झाली ती जर्मनीत. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने घातली. तेव्हा तिथल्या हौशी तरुणांनी 1920 साली ऱ्होन डोंगरातल्या वासरकुपे नावाच्या टेकडीवर बिनइंजिनाच्या उड्डाणाची स्पर्धा भरवली. त्या काळी प्रश्न सरळ होता. कोण अधिक वेळ हवेत राहतो? कोण अधिक दूर जातो? अशा स्पर्धेत निघण्याचा विचार फारसा करावा लागत नाही. हवा मिळाली की निघावे, ऊन मावळेपर्यंत जावे.

पुढे विमाने सुधारली. ठरलेल्या दोन-तीन ठिकाणांना वळसा घालून मूळ जागी परत यायचे आणि ज्याचा सरासरी वेग अधिक तो जिंकला, असे शर्यतीचे स्वरूप झाले. अंतर ठरलेले, तेव्हा वेळ मोजायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न आला. आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

उशिरा निघण्यात शहाणपण

समजा, तीनशे किलोमीटरची फेरी आहे. थर्मल साडेबाराच्या सुमारास चांगले सुरू होतील आणि पाच-सव्वापाचला विझतील असा हवामानाचा अंदाज आहे. पहिला स्पर्धक उत्साही. तो एक वाजता निघाला. त्याला वाटेत सगळे स्वतः शोधावे लागले. कुठे थर्मल आहे, कुठे नुसताच भास आहे, कोणत्या ढगाखाली हवा चढते आणि कोणता ढग मेलेला आहे, हे सारे. त्याचा सरासरी वेग पडला ताशी नव्वद. त्याला तीन तास वीस मिनिटे लागली. चार वाजून वीस मिनिटांनी तो परतला. मैदानात टाळ्या पडल्या.

दुसरा स्पर्धक धोरणी. तो एक वाजून चाळीस मिनिटांनी निघाला. तोवर जमीन अधिक तापलेली, थर्मल अधिक जोरकस. शिवाय पुढे गेलेली मंडळी त्याला आकाशात घिरट्या घालताना दिसतात. जिथे ग्लायडर फिरते आहे तिथे थर्मल आहे. आयती पाटी लावलेली! शोधाशोधीत त्याची मिनिटे गेली नाहीत. त्याचा वेग पडला ताशी शहाण्णव. त्याला लागले तीन तास साडेसात मिनिटे. तो पावणेपाच उलटून गेल्यावर आला. पहिल्याचा चहा पिऊन झाला असेल. पण बाजी मारली दुसऱ्याने.

'मग सगळ्यांनी उशिराच निघावे की!' असे वाचक म्हणतील. थांबा, तिसऱ्याची गोष्ट राहिली. तो अतिशहाणा. दुसरा जाईपर्यंत थांबू, तिसऱ्याला जाऊ देऊ, असे करीत तो अडीच वाजता निघाला. वेग त्याचाही ताशी शहाण्णवच. परंतु सव्वापाच-वीसच्या सुमारास ऊन कलले, थर्मल विझले, आणि मैदानापासून पंधरा-वीस किलोमीटर अलीकडे एका शेतात त्याला उतरावे लागले. परत न पोहोचलेल्याला वेगाचे गुण नाहीत. केवळ कापलेल्या अंतराचे. दिवसभराची मेहनत मातीत, आणि तीही दुसऱ्याच्या शेतातल्या!

तात्पर्य, फार आधी निघाला तो इतरांचा वाटाड्या होतो आणि फार उशिरा निघाला तो गव्हात उतरतो. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी ती नेमकी वेळ असते. ती दररोज वेगळी असते, आणि ती कोणती होती हे संध्याकाळीच समजते.

'आधी आपण!'

याचा परिणाम काय होतो तो आता पाहा. सगळेच स्पर्धक शहाणे. पुढे जाण्यात तोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक. रेघ उघडते, आणि कोणीच जात नाही! लखनौच्या दोन नबाबांची गोष्ट आपल्याला माहीत आहे: 'आधी आपण', 'छे, आधी आपण' असे म्हणता म्हणता आगगाडी सुटून गेली. इथे चाळीस-पन्नास नबाब एकाच आकाशात. कोणी एकजण रेघ ओलांडून दोन किलोमीटर जातो, मागे वळून पाहतो. कोणी पाठोपाठ आले नाही असे दिसले की परत फिरतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. नियमाप्रमाणे पुनःपुन्हा आरंभ करण्याची मुभा असते. काहीजण खोटेच निघाल्यासारखे करतात, चार भोळे निघून जातात, आणि हे महाशय हळूच परततात. बुद्धिबळातसुद्धा एवढी हूल कोणी देत नसेल.

हे सगळे हास्यास्पद वाटते. पण त्यात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. थांबायचे म्हणजे आकाशात उभे राहायचे नाही. ग्लायडर उभे राहत नाही. थांबायचे म्हणजे एखाद्या चांगल्या थर्मलमध्ये घिरट्या घालायच्या. आरंभरेषेजवळ चांगले थर्मल दोन किंवा तीन. म्हणजे एकेका थर्मलमध्ये वीस-वीस ग्लायडरे, एकावर एक, एकाच दिशेने, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने गरगरत आहेत. आपल्या बरोबर खाली कोण आहे आणि बरोबर वर कोण आहे, हे बसल्या जागेवरून दिसत नाही. वरून पाहणाऱ्याला हा घोळका मोठा देखणा दिसतो. आत बसलेल्याची मान मात्र दुखून येते, आणि तोंडाला कोरड पडते ती निराळीच.

आकाशातली टक्कर ही नवशिक्याचीच होते असे समजू नये. जर्मनीचा हेल्मूट रायशमान हा 1970, 1974 आणि 1978 असा तीनदा जगज्जेता झालेला वैमानिक. दूर पल्ल्याच्या ग्लायडिंगवर त्याने लिहिलेले पुस्तक जगभरच्या वैमानिकांनी पाठ्यपुस्तकासारखे अभ्यासले. हा गुरूंचा गुरू 1992 साली फ्रान्सच्या आल्प्स पर्वतावर दुसऱ्या ग्लायडरशी टक्कर होऊन मरण पावला. ही घटना आरंभरेषेवरची नव्हे. पण एवढ्या मोठ्या पर्वतावरच्या आकाशात, एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत जे घडले, ते चाळीस ग्लायडरांच्या घोळक्यात घडणे किती सोपे आहे हे नियम करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आरंभाचा नियम हा त्यामुळे केवळ निकालाचा प्रश्न राहत नाही. कोणाच्या घरी संध्याकाळी दिवा लागायचा, हाही प्रश्न त्यात येतो.

शेरास सव्वाशेर

पूर्वी आरंभ तपासायची पद्धत मोठी साधी होती. जमिनीवर रेघ आखलेली असे. पंच तिच्या टोकाशी बसून वर नजर लावीत आणि ग्लायडर डोक्यावरून गेले की वेळ टिपीत. रेघ एक हजार मीटरच्या आत ओलांडावी असा सर्वसाधारण दंडक असे, म्हणजे कोणी ढगाला टेकून जादा उंचीची कमाई घेऊन निघू नये.

नियम झाला की वाट काढणारा आलाच. वैमानिकांनी काय केले? हजार मीटरच्या वर चढून बसायचे, मग नाक खाली करून सूर मारायचा आणि बरोबर मर्यादेखाली येऊन ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने रेघ ओलांडायची. रेघ ओलांडताच नाक वर! वेगाची पुन्हा उंची होते. हिशेब करून पाहा: ताशी दोनशेचा वेग शंभरावर आणला तर सुमारे 118 मीटर उंची हाती येते. हवेच्या घर्षणात थोडी गळती धरली तरी शंभरेक मीटर कुठे गेले नाहीत. सेकंदाला दोन मीटर चढणाऱ्या थर्मलमध्ये ही उंची मिळवायला पन्नास सेकंद लागली असती. काही सेकंदांवर जिथे निकाल लागतो तिथे पन्नास सेकंद म्हणजे खजिना. मग प्रत्येकजण सूर मारू लागला. घोळक्यातून एकामागून एक ग्लायडर गोळीसारखे खाली येऊ लागले, आणि पंचांच्या छातीत धडकी भरू लागली.

1990 नंतरच्या काळात उपग्रहांवरून जागा सांगणारी नोंदयंत्रे ग्लायडरमध्ये बसू लागली. ग्लायडर कुठे, किती उंच, कोणत्या क्षणी होते, हे सारे त्यांत उतरते. पंचांना मान वर करून बसण्याची गरज उरली नाही. रेघ कित्येक किलोमीटर लांब करता आली, त्यामुळे गर्दी पांगली. अमेरिकेतल्या स्पर्धांत तर रेघेऐवजी पाच मैल त्रिज्येचे एक प्रचंड वर्तुळ ठेवतात आणि निघण्यापूर्वी सलग दोन मिनिटे ठरलेल्या उंचीच्या खाली असले पाहिजे असे बंधन घालतात. दोन मिनिटे खाली राहायचे म्हटल्यावर सूर मारून काय मिळणार? इतरत्र रेघ ओलांडतानाच्या वेगावरच मर्यादा घालतात. सुराची हौस अशी संपली.

ओढून नेण्याच्या रांगेचाही विचार नियमांत आहे. पन्नास ग्लायडरे एकामागून एक वर न्यायला तासभर सहज लागतो. पहिला वर जाऊन घिरट्या घालून कंटाळलेला, आणि शेवटचा अजून जमिनीवर घाम पुशीत उभा. म्हणून शेवटचा वर गेल्यावर वीस-तीस मिनिटांनी रेघ उघडायची, आणि रांगेतला क्रम दररोज बदलायचा. पंगतीला सर्वांची पाने वाढून झाल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, तसे हे आहे.

पण घोळका? तो मात्र राहिलाच. उलट विज्ञानाने त्यात भर घातली. 2004 साली स्वित्झर्लंडमध्ये 'फ्लार्म' नावाचे एक यंत्र निघाले. जवळ दुसरे ग्लायडर येत असेल तर ते वैमानिकाला सावध करते. अशा यंत्राने किती जीव वाचवले असतील याची गणती नाही. परंतु तेच यंत्र दूरचे ग्लायडर कुठे आहे, ते चढते आहे की उतरते आहे, हेही सांगू लागले. झाले! जीव वाचवण्यासाठी घेतलेल्या यंत्रातून शेजाऱ्याच्या घरात डोकावणे सुरू झाले. मग त्या डोकावण्यावर बंधने घालण्याचा विचार आला. नियम करणाऱ्यांच्या नशिबी विश्रांती नाही.

बटणातले प्रस्थान

जुन्या पिढीच्या वाचकांना 'प्रस्थान ठेवणे' ही चाल आठवत असेल. प्रवासाला निघायचे, पण मुहूर्त नेमका अडचणीच्या वेळी. मग काय करीत? त्या मुहूर्तावर सुपारी-तांदूळ फडक्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवीत. शास्त्राच्या दृष्टीने माणूस निघाला. प्रत्यक्षात तो सवडीने, जेवून-खाऊन निघे.

आणि आता गंमत पाहा. अलीकडच्या काही वर्षांत ग्लायडरच्या जागतिक स्पर्धांत नेमके असेच प्रस्थान आले आहे. नोंदयंत्रावर एक बटण असते. निघण्याचा विचार झाला की वैमानिकाने ते दाबायचे. दाबल्यावर लगेच निघता येत नाही. बहुधा पाच ते दहा मिनिटे थांबावे लागते. मग थोड्या मिनिटांची एक खिडकी उघडते आणि तेवढ्यातच रेघ ओलांडायची. ती हुकली तर पुन्हा बटण, पुन्हा थांबणे. बटण दाबण्याच्या संधीही मोजक्याच.

यातली युक्ती अशी की, कोणी बटण केव्हा दाबले हे शेजाऱ्याला दिसत नाही. समजा, नामांकित जगज्जेता एकदम निघाला. आजवर घोळका लगेच त्याच्या शेपटाला लागत असे. आता ज्याने स्वतःच्या बुद्धीने आधी बटण दाबलेले नाही त्याला इच्छा असूनही निघता येत नाही. दुसऱ्याच्या मुहूर्तावर आपले लग्न उरकण्याची सोय राहिली नाही. यावर कुरकूर करणारेही आहेत. खिडकी उघडली आणि नेमक्या त्या वेळी वैमानिक फार खाली असला तर काय? शिवाय घिरट्या घालताना बाहेर पाहायचे की घड्याळाचा हिशेब करायचा? गर्दी टाळण्यासाठी केलेल्या नियमाने नजर यंत्रात अडकली, तर एक संकट टाळून दुसरे घरात घेतल्यासारखे होईल, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच टाकाऊ नाही.

सगळे एकदम!

या सगळ्या गुंत्यातून एक सरळ वाट काही मंडळींनी काढली. ती म्हणजे आपली जुनीच वाट: एक, दोन, तीन! नावांच्या शर्यतीत होते तसे सर्वांनी एकाच क्षणी रेघ ओलांडायची. जो आधी परतेल तो जिंकला. उंचीची आणि वेगाची मर्यादा आहेच. या प्रकाराला 'ग्रां प्री' म्हणतात. त्याची पहिली जागतिक स्पर्धा 2005 साली फ्रान्समध्ये सेंट ओबां इथे झाली आणि ती जिंकली पोलंडच्या सेबास्तियन कावा याने. हा गृहस्थ पेशाने डॉक्टर.

यात मोठी सोय प्रेक्षकांची झाली. जो पुढे दिसतो तो खरोखर पुढे आहे, हे घरी बसलेल्या आजीलाही समजते. 'अगोदर जावे की मागाहून' ही घालमेल गेली. पण सगळे एकत्र निघाले म्हणजे पहिल्या थर्मलपर्यंत सगळे एकत्रच, तेव्हा गर्दी काही सुटली नाही. म्हणून अशा शर्यतीत स्पर्धकांची संख्या मुळातच थोडी, वीसच्या आसपास ठेवतात. शिवाय दर्दी मंडळी म्हणतात, मुहूर्त निवडणे हीच तर या खेळातली खरी विद्या. तीच काढून टाकली तर उरले काय?

या वादात कोण बरोबर, याचा निवाडा प्रस्तुत लेखकाने करावा असे नाही. मात्र शंभर वर्षांची ही धडपड पाहताना एक गोष्ट मनावर ठसते. उंचीच्या नियमाने सूर काढला, सुरावर वेगाची मर्यादा आली, घोळक्यावर बटण आले. प्रत्येक वेळी नियमवाले लढले ते हवेशी नव्हे, तर 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' या माणसाच्या स्वभावाशी. तो स्वभाव आपल्याला अनोळखी आहे काय? सोसायटीच्या सभेत पहिले बोलायला कोणी उठत नाही. मुलाने नवी वाट धरायची म्हटली की आपण विचारतो, 'त्या वाटेने आणखी कोण गेले आहे?' पुढे गेलेल्यांच्या घिरट्या पाहून निघण्यात शहाणपण आहे, यात शंका नाही. फक्त ऊन कलण्याच्या आत निघावे, एवढेच ध्यानात ठेवायचे.

आणि जो भल्या दुपारी एकटाच रेघ ओलांडून गेला, ज्याच्या घिरट्या पाहून मागच्यांनी आपले थर्मल शोधले, त्याचे नाव निकालाच्या पाटीवर बहुधा खालीच असते. एखादे दिवशी मात्र हवा लवकर बिघडते, ढग पसरतात, ऊन झाकते. मागे थांबलेले सगळे शेताशेतांतून उतरतात, आणि तेवढा एकटा तो घरी पोहोचतो. असे दिवस थोडेच येतात; पण ते येतात, म्हणून दरवर्षी कोणीतरी पहिला निघतोच.